ओपेलोगे, एले
ओपेलोगे, एले : (11 जुलै 1985 – ). सामोआची भारोत्तोलक. गट 75 किलोंवरील. सामोआ हा दक्षिण पॅसिफिकमधील सुमारे दोन लाख वस्तीचा देश. उपोलू आणि सवाई ही त्यातील दोन मोठी बेटे. ऑलिंपिकमध्ये तो 1984 पासून उतरत आहे. त्याचे पहिले, आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत एकमेव, पदक एलेच्या नावावर आहे.

बीजिंग, 2008 : तिच्या गटाची स्पर्धा 16 ऑगस्टला झाली. देशागणिक चारच महिला भारोत्तोलक उतरवता येत असल्याने चीनने हा गट सोडून दिला होता. दक्षिण कोरियाच्या जांग मी-रानने 140 व 186, असे एकूण 326 किलो उचलून स्नॅच, क्लीन अँड जर्क व एकूण वजन या तिन्हींत जागतिक विक्रम केले. तिच्याशी कोणाची बरोबरीच नव्हती. खरी चुरस खालच्या जागांसाठी होती. युक्रेनच्या ओल्हा कोरोब्काने 277, कझाकस्तानच्या मारिया ग्राबोवेत्स्कायाने 270 आणि एलेने 269 (स्नॅच 119, क्लीन अँड जर्क 150) किलो उचलले. एका किलोने कांस्य हुकले. वजन अडीच किलोंच्या पटीत वाढवण्याची जुनी सक्ती 2005 मध्ये सुटली होती. त्यामुळे एक किलो हे नियमात बसणारे सर्वांत लहान अंतर होते.

पदकाचा फेरनिर्णय : बीजिंगचे नमुने तत्कालीन नियमांनुसार आठ वर्षे जपून ठेवले होते. स्टेरॉइडचे शरीरात दीर्घकाळ रेंगाळणारे अंश हुडकण्याच्या नव्या पद्धती हाती आल्यावर ते पुन्हा तपासण्यात आले. कोरोब्का व ग्राबोवेत्स्काया दोघीही दोषी ठरल्या आणि 2016 मध्ये बाद झाल्या. (कोरोब्का 2011 च्या जागतिक स्पर्धेतील चाचणीतही सापडली होती.) एले चौथ्यावरून दुसरी आली; 265 किलो उचलणाऱ्या नायजेरियाच्या मरियम उस्मानला कांस्य मिळाले. पॅसिफिकमधील बेट-राष्ट्रांत टोंगाने 1996 मध्ये मुष्टियुद्धात रौप्य जिंकून पहिले पदक मिळवले होते. त्यानंतर पदक मिळवणारे दुसरे राष्ट्र सामोआ की फिजी, हे स्पर्धेचे वर्ष धरायचे की निर्णयाचे, यावर ठरते.

दिल्ली, 2010 : तिची ख्याती बीजिंगच्या पदकावर उभी असली, तरी भारोत्तोलक म्हणून तिची खरी उंची दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दिसली, असे प्रस्तुत नोंदीचे मत आहे. तेथे जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये तिने 285 किलो उचलून सुवर्ण जिंकले. दोन वर्षांपूर्वी कोरोब्काने उचललेल्या वजनापेक्षा हे 8 किलोंनी अधिक होते.

लंडन, 2012 : सहभाग.

ग्लासगो, 2014 : राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य. सुवर्ण उस्मानला.

कुटुंब : हे घराणेच भारोत्तोलकांचे. भाऊ निउसिला व बहीण मेरी यांनी आंतरराष्ट्रीय स्पर्धांत देशाचे प्रतिनिधित्व केले; मेरी 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये होती. धाकटा भाऊ डॉन 2018 च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत 85 किलो गटात भारताच्या रागाला व्यंकट राहुलच्या मागे दुसरा राहिला. 2022 मध्ये बर्मिंगहॅमला 96 किलो गटात त्याने सुवर्ण जिंकले. तेथे रौप्य भारताच्या विकास ठाकूरला मिळाले.