तोबरा

पेंढारी गावात शिरले की घर खणत बसत नसत. तेवढा वेळ कुणाला होता? घोड्याच्या तोबऱ्यात गरम राख भरायची, तो घरधन्याच्या तोंडाला बांधायचा आणि पाठीत रट्टे घालायचे. श्वास घेतला की राख आत! हंडा कुठे पुरलाय ते माणूस आपणच सांगून टाकी. 1817-18 च्या मोहिमेत इंग्रजांनी पेंढाऱ्यांचा बंदोबस्त केला, पण त्यांची युक्ती काही संपली नाही. कुलूप फोडू नका, कुलूपवाल्याला फोडा.

अमेरिकेत जानेवारी 1876 मध्ये हेच झालं. नॉर्दम्प्टनच्या बँकेची तिजोरी भक्कम होती, म्हणून दरोडेखोर रात्री थेट कॅशियरच्या घरात घुसले. त्याचा छळ करून कुलपाचे आकडे काढून घेतले आणि दहा लाख डॉलर्सच्या वर ऐवज नेला. जेम्स सार्जंटचं घड्याळी कुलूप त्याआधीच, 1873 च्या सुमारास आलं होतं. ठरलेली वेळ होईपर्यंत ते कॅशियरलाही उघडत नाही. या दरोड्यानंतर बँकांना त्याची किंमत कळली. माणसाला वाचवायचं तर त्याच्या हातात काही ठेवायचंच नाही!

आणि 2009 साली बिटकॉइन आलं. बँक नको, मधला माणूस नको, 12 किंवा 24 शब्द जपून ठेवा, की पैसा तुमचा. गणित असं की कुणाच्या बापाला फुटायचं नाही. पण ते शब्द ठाऊक असलेला माणूस हाडामांसाचाच ना? म्हणजे आपण पुन्हा हंडा पुरायला लागलो.

जानेवारी 2025 मध्ये फ्रान्समध्ये लेजर कंपनीचे एक संस्थापक, डेव्हिड बालां, यांना आणि त्यांच्या पत्नीला पळवलं. खंडणीसाठी त्यांचं बोट कापलं. ही कंपनी बनवते काय, तर असे शब्द सुरक्षित ठेवणारी यंत्रं! आपल्याकडे 2022 च्या सुरुवातीला पिंपरी-चिंचवडमध्ये एका व्यापाऱ्याचं अपहरण झालं. त्याच्याकडे 300 कोटींची क्रिप्टो आहे असं समजून. अटक झालेल्यांत सायबर शाखेत काम केलेला एक पोलीस शिपाईही होता. सुरतच्या एका व्यावसायिकाच्या 2018 च्या अपहरणात तर ऑगस्ट 2025 मध्ये माजी आमदार आणि एका जिल्ह्याचा तेव्हाचा पोलीस प्रमुख यांना जन्मठेप झाली.

यावर उपाय नाही असं नाही. तीन किल्ल्या करायच्या, त्यातल्या दोन लागल्याशिवाय पैसा हलू द्यायचा नाही, आणि त्या वेगवेगळ्या गावी ठेवायच्या. पण मंडळी, खरी गोम पुढेच आहे. घड्याळी कुलूप कॅशियरला वाचवतं ते चोराला त्याची माहिती असते म्हणून. बँक तशी पाटी लावू शकते. घराच्या दारावर आपण काय पाटी लावणार? "इथे पैसा आहे, पण माझ्या हातात नाही"? त्यातला पहिलाच अर्धा भाग वाचून लोक आत येतील.

आणि आत आले की घरात फक्त आपण नसतो, आई असते, मुलं असतात. तेव्हा लग्नकार्यात, फेसबुकवर, भावकीत आपल्या कॉइनचे आकडे सांगण्याआधी पेंढाऱ्यांचा तोबरा आठवावा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे ती जिवाचीही आहे.