हायडलबर्गचे ३७.३३ सेकंद आणि थाळीतील उष्मांक

ऑगस्ट १९७२. पश्चिम जर्मनीतील हायडलबर्ग येथे भरलेल्या पॅरालिंपिक स्पर्धेत सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांनी ५० मीटर मुक्तशैली जलतरण ३७.३३ सेकंदांत पूर्ण केले. तो त्यांच्या गटातील जागतिक विक्रम ठरला, आणि भारताचे पहिले वैयक्तिक पॅरालिंपिक सुवर्णपदकही. सैन्याच्या ईएमई दलातील हा मुष्टियोद्धा १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जबर जखमी झाला होता. एक गोळी पाठीच्या कण्यात अडकून राहिली आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. मुंबईच्या ‘अश्विनी’ या नौदल रुग्णालयात उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले. तेथून हायडलबर्गपर्यंतची कथा आता चित्रपटामुळे घरोघरी पोहोचली आहे. पुढचा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही. अशा शरीराला खेळण्यासाठी किती आणि कोणते अन्न लागते?

१९७२ मध्ये या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नव्हते. त्याचे कारण समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. पहिल्या महायुद्धात मज्जारज्जूला इजा झालेले बहुतेक सैनिक इजेने नव्हे, तर मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने आणि शय्याव्रणांनी दगावत. १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडविल रुग्णालयात लुडविग गुटमन यांनी या रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलणे, मूत्राशयाची काटेकोर निगा आणि खेळ ही त्यांच्या उपचाराची अंगे होती. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, १६ रुग्णांनी तेथे धनुर्विद्येची स्पर्धा खेळली. या काळात आहाराचा विचार झाला तो जखमेच्या अंगाने. शय्याव्रणातून प्रथिने वाहून जातात, तेव्हा ती ताटातून भरून काढावयाची. हा विचार रुग्णाचा होता. खेळाडूचा विचार करण्याचे कारणच नव्हते, कारण व्हीलचेअरच्या शर्यती तेव्हा अगदी आखूड असत. ८०० आणि १५०० मीटरची अंतरे १९७६ च्या टोरोंटो स्पर्धेत प्रथम आली. पेटकरांचे ५० मीटरही सहनशक्तीचे अंतर नव्हते. एवढ्या वेळात स्नायूंतील साठा संपत नाही.

चित्र पालटले ते लांब रस्त्यांवर. १९७५ मध्ये बॉब हॉल यांनी बोस्टन मॅरेथॉन व्हीलचेअरवरून २ तास ५८ मिनिटांत पूर्ण केली. (त्यांचे अपंगत्व पोलिओमुळे आलेले होते, मज्जारज्जूच्या इजेमुळे नव्हे.) १९८१ मध्ये जपानमधील ओइता येथे केवळ व्हीलचेअरसाठीची आंतरराष्ट्रीय शर्यत सुरू झाली. ती सुरू करणारे डॉ. युताका नाकामुरा हे गुटमन यांच्याकडेच शिकलेले. मार्च १९८५ ते मे १९८७ या काळात कॅनडाचे रिक हॅन्सन यांनी ३४ देशांतून सुमारे ४०,००० किलोमीटर अंतर हातांनी चाके ढकलून कापले. आता खांद्यांचे आणि दंडांचे तुलनेने लहान स्नायू तासन्‌तास काम करू लागले, आणि शरीरशास्त्रज्ञांना नवीन गणित मांडणे भाग पडले.

जुने गणित १९१९ चे. हॅरिस आणि बेनेडिक्ट यांनी १३६ पुरुष आणि १०३ स्त्रियांवरील मोजमापांतून, वजन-उंची-वयावरून विश्रांतीतील ऊर्जाव्यय सांगणारे समीकरण दिले. आहारतज्ज्ञ ते आजही वापरतात. पण या समीकरणात एक गृहीतक दडलेले आहे: वजनातील स्नायूंचा वाटा सर्वसाधारण आहे. मज्जारज्जूला इजा झाल्यावर इजेखालचे स्नायू झडतात. अशा व्यक्तींचा विश्रांतीतील ऊर्जाव्यय इतरांपेक्षा १४ ते २७ टक्क्यांनी कमी भरतो, असे २००४ च्या एका आढाव्यात दिसून आले. म्हणजे समीकरणावर विसंबून जेवणाऱ्याच्या अंगी चरबी साठणार. वजन-उंचीचा निर्देशांक येथे उपयोगाचा नाही. तो ‘ठीक’ दाखवीत असतानाही चरबीचे प्रमाण बरेच असू शकते.

यावरून ‘कमी खा’ असा सल्ला निघतो, आणि खरा घोटाळा येथेच होतो. कारण उष्मांक कमी लागले, तरी प्रथिने, लोह, कॅल्शियम, ‘ड’ जीवनसत्त्व यांची गरज त्या प्रमाणात घटत नाही. इजेनंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत पायांच्या हाडांतील खनिजे झपाट्याने कमी होतात. त्यावर सरावाच्या मानाने अपुरे अन्न मिळाले, तर हाडांची हानी आणखी वाढण्याचा धोका असतो. अशा ऊर्जातुटीच्या लक्षणसमूहाला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये स्वतंत्र नाव दिले आणि दिव्यांग खेळाडूंचाही त्यात विचार केला. पण तुटीची बहुउद्धृत सीमारेषा, चरबीविरहित वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ३० किलोकॅलरी, ही चालत्या-फिरत्या तरुण स्त्रियांवरील प्रयोगांतून आलेली आहे. व्हीलचेअरवरील धावपटूला ती जशीच्या तशी लावणे म्हणजे १९१९ चीच चूक नव्या शतकात करणे होय.

दुसरी अडचण उष्णतेची. झाशीतील मे महिन्याची दुपार डोळ्यांपुढे आणा. बुंदेलखंडात तेव्हा पारा ४५ अंशांपलीकडे जाणे नवलाचे नसते. हाताने चाक ढकलण्याची यांत्रिक कार्यक्षमता साधारण १० टक्के धरली, तर ५० वॉट काम करणारा खेळाडू ५०० वॉट ऊर्जा खर्च करतो आणि त्यातील ४५० वॉटची उष्णता होते. एक लिटर घाम पूर्ण बाष्पीभूत होताना सुमारे २४ लाख जूल उष्णता नेतो. म्हणजे तासाला जवळजवळ पाऊण लिटर घाम निव्वळ ही उष्णता घालविण्यासाठी हवा. हवा त्वचेपेक्षा उष्ण असल्याने तिच्याकडून उष्णता उलट अंगात येते, ती वेगळीच. परंतु मज्जारज्जू तुटला, की इजेखालच्या घर्मग्रंथींना मेंदूचा आदेश पोहोचत नाही. इजा छातीच्या वरच्या भागात असेल, तर सारा भार चेहरा, मान आणि खांद्यांवरील थोड्याशा त्वचेवर येतो. हिशेब जुळत नाही आणि शरीराचे तापमान चढत जाते. अशा वेळी नुसते पाणी पिऊन भागत नाही. प्यालेले पाणी घामावाटे बाहेर पडण्याचा मार्गच बहुतांशी बंद असतो. म्हणून अंगावर पाणी फवारणे, बर्फाचे जाकीट घालणे, सराव पहाटे उरकणे, हे उपाय येथे आहाराइतकेच महत्त्वाचे ठरतात.

मानेतील इजेत हृदयाला वेग देणाऱ्या मज्जातंतूंचा मेंदूशी संबंध तुटतो आणि नाडीचा कमाल वेग सहसा ११० ते १३० च्या आसपास अडतो. यावर काही खेळाडूंनी एक भयंकर युक्ती शोधली. मूत्राशय मुद्दाम भरलेले ठेवावयाचे, म्हणजे इजेखालच्या शरीरात प्रतिक्षेप उसळून रक्तदाब चढतो आणि शर्यतीत वेग मिळतो. त्यातून मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समितीने या प्रकाराला बंदी घातली आहे.

या नव्या गणिताचा पुष्कळसा भाग स्वित्झर्लंडमधील नॉटविल येथील केंद्रात आणि तेथील खेळाडूंवर घडला. हाइन्झ फ्राय यांनी १९९९ मध्ये ओइता येथे नोंदविलेली १:२०:१४ ही मॅरेथॉनची वेळ तब्बल २२ वर्षे टिकली. २०२१ मध्ये तेथेच त्यांचे देशबांधव मार्सेल हुग यांनी १:१७:४७ वेळ नोंदविली.

आपल्याकडे खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून जखमी जवानांना खेळाकडे वळवीत आहे. छातीखाली पक्षाघात झालेल्या आणि काही वर्षे अहमदनगरमध्ये उपाहारगृह चालविलेल्या दीपा मलिक यांनी २००८ मध्ये यमुनेचा प्रवाह छेदून एक किलोमीटर अंतर पोहून दाखविले. पण भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या आहारतक्त्यातील संदर्भपुरुष ६५ किलोचा आणि धडधाकट आहे. जिल्हा पातळीवर सराव करणाऱ्या व्हीलचेअर धावपटूच्या हाती बहुधा तोच तक्ता येतो. मैदानाजवळ व्हीलचेअर आत जाईल असे स्वच्छतागृह नसेल, तर तो सकाळपासून पाणी पिणेच टाळतो. मग लघवी साचून राहते, जंतुसंसर्ग होतो, ताप येतो आणि सरावाचे दोन आठवडे जातात. गुटमन यांनी १९४४ मध्ये ज्या शत्रूशी झुंज घेतली, तो हाच.