दिनविशेष : ७ फेब्रुवारी
पत्रकार शशिकांत वारिशे यांचा मृत्यू (२०२३)

राजापूर तालुक्यात कुणाची जमीन कुणी घेतली, दलाल कोण, हे सगळ्यांना ठाऊक असते. ते नावानिशी छापण्याचे धाडस फार थोडे करतात. ‘महानगरी टाइम्स’चे शशिकांत वारिशे त्या थोड्यांपैकी होते.

६ फेब्रुवारी २०२३ रोजी त्यांची बातमी प्रसिद्ध झाली. बारसूच्या प्रस्तावित रिफायनरीचा एक स्थानिक समर्थक पंतप्रधान व मुख्यमंत्र्यांसोबत फलकांवर झळकतो आणि त्याच्यावर गुन्हे नोंद आहेत, असा तिचा मथितार्थ. त्याच दुपारी महामार्गालगतच्या पेट्रोल पंपाजवळ वारिशे यांच्या दुचाकीला एका ‘थार’ गाडीने उडवले, फरफटत नेले. ७ तारखेला कोल्हापुरात उपचारांदरम्यान त्यांनी प्राण सोडला. गाडी चालवत होता तो बातमीतलाच माणूस, असा पोलिसांचा आरोप.

ही रिफायनरी आधी नाणारला होणार होती; तिथली अधिसूचना २०१९मध्ये रद्द झाल्यावर हा प्रकल्प बारसू-सोलगावकडे वळला होता. विरोधक आणि समर्थक एकाच वाडीत, कधी एकाच घरात. अशा गावात हा मृत्यू ‘अपघात’ म्हणून सहज विरून गेला असता. तसे होऊ दिले नाही ते पत्रकारांनी आणि ग्रामस्थांनी. राज्यभर निदर्शने झाली. त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

सुरुवातीला सदोष मनुष्यवधाचा असलेला गुन्हा पुढे कलम ३०२खाली, म्हणजे खुनाचा झाला आणि तपास विशेष पथकाकडे सोपवण्यात आला.