धोट्याचा सवाल : आयटक, बाबासाहेब आणि नारपोलीचा कामगार

नारपोलीत आणि एकूणच भिवंडीत यंत्रमाग कामगार आजही १२-१२ तासांची पाळी करतो. मग ८ तासांचा हक्क गेला कुठे? आणि कामगार संघटनेत आंबेडकरी तरुणाने जावं की न जावं? दोन्ही प्रश्नांची उत्तरं इतिहासात आहेत.

३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस, म्हणजे आयटक, स्थापन झाली. लाला लजपतराय पहिले अध्यक्ष होते. ना. म. जोशींसारख्या नेत्यांनी कामगारांचे प्रश्न केंद्रीय विधिमंडळात लावून धरले. १९२६ च्या कायद्याने युनियनला कायदेशीर स्थान मिळालं. हे श्रेय नाकारण्याचं कारण नाही. पण कामगार चळवळ १९२० साली सुरू झाली, हे साफ खोटं आहे. त्याआधी ३० वर्षं, १८९० मध्ये, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली होती.

आता १९२८ चा संप पाहा. डांगे, जोशी हे आयटकचे पुढारी त्या संपाच्या नेतृत्वात होते. मजुरी, कामाचे तास यावर मागण्या होत्या. पण गिरणीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातला तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळ! जास्त पगाराचं खातं सवर्णांचं आणि कमी पगाराचं आपलं. ही बंदी कामगारच पाळत होते. बाबासाहेबांनी आग्रह धरला, तेव्हा कुठे ही मागणी यादीत आली, तीही नाइलाजाने. ज्या एकजुटीत धोटा विटाळतो, ती एकजूट कोणाची?

म्हणून बाबासाहेबांनी युनियनकडे पाठ फिरवली का? नाही. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांसमोर ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू आहेत, असं स्पष्ट सांगितलं. त्याच वर्षी मुंबईच्या काँग्रेस सरकारने संपावर बंधनं घालणारं औद्योगिक कलह विधेयक आणलं, तेव्हा ७ नोव्हेंबरच्या संपात ते कम्युनिस्टांसोबत उतरले. पुढे मजूरमंत्री म्हणून १९४३ मध्ये मालकांनी युनियनला मान्यता द्यावी यासाठी विधेयक मांडलं. त्यांच्याच कारकिर्दीतल्या प्रयत्नांतून १९४६ मध्ये कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला.

मग नारपोलीत १२ तास का? कारण कायदा कारखान्याला लागू होतो आणि विजेवर चालणाऱ्या कारखान्याची जुनी मर्यादा १० कामगारांची होती. माग छोट्या छोट्या नावांवर वाटले की कायदा दाराबाहेर. नव्या श्रम संहितेने ती मर्यादा २० केली. म्हणजे जी पळवाट होती, तिचा राजमार्ग झाला. आयटकसह अनेक केंद्रीय संघटना या संहितांविरुद्ध संपावर गेल्या, ते योग्यच होतं.

मित्रांनो, 'जात विसरा, वर्ग पाहा' म्हणणाऱ्याला धोट्याची आठवण करून द्या. 'युनियन आपली नाही' म्हणणाऱ्याला १९३८ ची. युनियनमध्ये जा, पण मागण्यांच्या यादीत आपली मागणी लिहूनच आत जा. सफाई कामगार, कंत्राटी कामगार, गोदामातला हमाल यांचा प्रश्न यादीच्या तळाशी ढकलला जात असेल, तर तिथेच उभं राहून विचारा.

जय भीम!