उखडलेले रूळ आणि उरलेली वाट : इंग्लंडमधील परित्यक्त लोहमार्गांचा उत्तर-इतिहास

लोहमार्गांच्या इतिहासाचे लेखन बहुधा शेवटची आगगाडी सुटते त्या दिवसापाशी थांबते. रूळ उखडले, स्थानके बंद झाली, कर्मचारी अन्यत्र गेले, की इतिहासकाराच्या दृष्टीने विषय संपतो. तथापि लोहमार्ग म्हणजे केवळ रूळ नव्हेत. डोंगर फोडून केलेल्या खिंडी, दऱ्यांतून घातलेले भराव, बोगदे, पूल आणि या सर्वांना जोडणारी जमिनीची अखंड, सौम्य चढाची पट्टी हाही लोहमार्गच होय. इंग्लंडच्या ग्रामीण भागात अशा अनेक पट्ट्यांवरून आज सायकलस्वार संथपणे विहार करतात. या विहारमार्गांकडे रेल्वेच्या इतिहासाचे परिशिष्ट म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. परंतु काही ठिकाणी हे परिशिष्टच मूळ ग्रंथापेक्षा मोठे झाले आहे. कोणत्या परिस्थितीत ही पट्टी टिकली व कोणत्या परिस्थितीत ती नष्ट झाली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या इतिहासातील एका आरंभीच्या उदाहरणाचा महाराष्ट्राशी प्रत्यक्ष संबंध आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या सेवेत १८८२ साली दाखल झालेला इंग्रज अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप याने पुढे बार्शी लाइट रेल्वेची उभारणी केली. २ फूट ६ इंच रुंदीचा हा अरुंदमापी मार्ग १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी असा सुरू झाला. गाडीचे वजन प्रत्येक आसावर समप्रमाणात विभागून तो भार पाच टनांच्या मर्यादेत राखला, तर हलक्या रुळांवरूनही भरपूर माल वाहता येतो, हा कॅलथ्रॉपचा सिद्धान्त होता. बार्शीच्या मार्गाने तो व्यवहारात सिद्ध केला.

इंग्लंडमध्ये १८९६ च्या लाइट रेल्वे कायद्याने अशा अल्पखर्ची मार्गांना उत्तेजन मिळाले होते. स्टॅफर्डशर परगण्यातील हॅम्प्स व मॅनिफोल्ड या नद्यांच्या खोऱ्यांतून वॉटरहाउसेस ते हुल्म एंड असा सुमारे आठ मैलांचा मार्ग बांधण्याचे ठरले, तेव्हा अभियंता म्हणून कॅलथ्रॉपचीच निवड झाली. रुळांची रुंदी बार्शीइतकीच ठेवण्यात आली व इंजिनांच्या रचनेवरही बार्शीच्या अनुभवाची छाप होती. २७ जून १९०४ रोजी हा मार्ग सुरू झाला. मोठ्या रुळांवरील मालडबे उतरवून न घेता जसेच्या तसे लहान रुळांवरील वाहक गाड्यांवर चढविण्याची त्याची व्यवस्था त्या काळी विशेष गणली गेली. वसाहतीत सिद्ध झालेले तंत्र मायदेशी नेले गेल्याचे हे उदाहरण अभ्यासकांनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

तंत्र तेच असले तरी दोन्ही प्रदेशांची आर्थिक स्थिती भिन्न होती. बार्शीच्या मार्गाला बाजारपेठेचा आधार होता; १९०६ साली तो पंढरपुरास, १९११ साली लातुरास व १९२७ साली मिरजेस पोहोचला आणि वारीच्या प्रवाशांचाही त्याला मोठा लाभ झाला. मॅनिफोल्डच्या खोऱ्यात मात्र वस्ती विरळ होती. एक्टन येथील तांब्याच्या खाणी मार्ग सुरू होण्यापूर्वीच थंडावल्या होत्या. उन्हाळ्यातील सहली आणि दुधाची वाहतूक एवढाच आधार उरला. पुढे दूधही मोटारीने जाऊ लागले, तेव्हा तोही तुटला. मार्च १९३४ मध्ये मार्ग बंद झाला.

यानंतर जे घडले ते त्या काळी सर्वस्वी अनपेक्षित होते. मालक असलेल्या लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वे कंपनीने मार्गाची जमीन तुकडे करून न विकता स्टॅफर्डशर कौंटी कौन्सिलच्या स्वाधीन केली आणि जुलै १९३७ मध्ये तीवर सार्वजनिक पायवाट खुली झाली. पुढे वाटेचा काही भाग, स्वेन्स्लीच्या बोगद्यासह, मोटारींनाही खुला झाला. उर्वरित वाटेवर पादचारी व सायकलस्वार जातात. या वाटेचे स्वरूप रेल्वेने ठरविलेले आहे. उन्हाळ्यात मॅनिफोल्ड नदी चुनखडीच्या विवरांतून भूमिगत होते व कोरडे पात्र उरते; त्या पात्राच्या कडेकडेने, दोन्ही बाजूंच्या उंच कड्यांच्या पायथ्याशी, चढ जाणवू न देता वाट पुढे सरकते. लोहमार्ग म्हणून या पट्टीचे आयुष्य तीस वर्षांचे भरले. वाट म्हणून ती ऐंशीहून अधिक वर्षे उपयोगात आहे. कालमानाचाच निकष लावला तर येथे आगगाडी ही प्रस्तावना ठरते.

मॅनिफोल्डचे उदाहरण नियम ठरले असते, तर पुढील इतिहास निराळा झाला असता. परंतु तसे झाले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तोट्यातील शाखा बंद होऊ लागल्याच होत्या. मार्च १९६३ मध्ये डॉ. रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल प्रसिद्ध झाला व त्याने सुमारे पाच हजार मैलांचे मार्ग आणि २,३६३ स्थानके बंद करण्याची शिफारस केली. अहवालात गाड्यांचा व तोट्याचा विचार होता. जमिनीच्या भवितव्याचा नव्हता. ब्रिटिश रेल्वे कंपन्यांनी संसदेच्या कायद्यांन्वये जमिनी बहुतांशी पूर्ण मालकी हक्काने संपादन केल्या होत्या. त्यामुळे मार्ग बंद झाल्यावर जमीन विकण्यास रेल्वे मंडळ मोकळे होते. शेजारच्या शेतकऱ्याने एक तुकडा घेतला, गावाने दुसऱ्यावर घरे बांधली, तिसऱ्याचा भराव सपाट झाला. प्रत्येक विक्री स्वतंत्रपणे पाहिली तर योग्यच होती. परंतु त्या सर्वांच्या बेरजेने शंभर वर्षांपूर्वी प्रचंड श्रमाने साधलेली अखंडता अल्पावधीत नाहीशी झाली. भूगोलाचे अभ्यासक जे. एच. ॲपलटन यांनी ग्रामीण भागातील निरुपयोगी लोहमार्गांविषयीचा अहवाल १९७० साली सादर केला, तोवर पुष्कळ हानी होऊन गेली होती.

जेथे एखाद्या सार्वजनिक संस्थेने वेळीच संपूर्ण पट्टी घेतली तेथे चित्र वेगळे दिसते. डर्बीशरमधील ॲशबर्न ते पार्सली हे हा १८९९ साली पूर्ण झालेला मार्ग १९६७ साली बंद पडला. पीक राष्ट्रीय उद्यानाच्या नियोजन मंडळाने १९६८ साली तो खरेदी केला व १९७१ साली तेरा मैलांचा टिसिंग्टन विहारमार्ग सुरू केला. त्यालाच पार्सली हे येथे क्रॉमफर्ड अँड हाय पीक रेल्वेच्या जागेवरील हाय पीक विहारमार्ग येऊन मिळतो. १९६८ च्याच कंट्रीसाइड कायद्याने घोडेवाटांवर सायकल नेण्याची मुभा दिली. मात्र पादचाऱ्यास व घोडेस्वारास वाट देण्याचे बंधनही घातले. संथ विहाराला अशा प्रकारे कायद्याचेही पाठबळ मिळाले.

हाय पीकचा मार्ग आणखी एका कारणाने उद्बोधक आहे. १८२५ साली मंजूर होऊन १८३०-३१ मध्ये सुरू झालेला हा मार्ग दोन कालव्यांना जोडण्यासाठी होता आणि त्याची आखणीही कालव्याच्या धर्तीवर झाली होती. कालव्यात जसे सपाट पात्र व मध्ये पाणी चढविण्याचे दरवाजे, तसे येथे लांबवर सपाट मार्ग व मध्येच तीव्र उतार होते. उतारांवर गाड्या स्थिर वाफेच्या इंजिनांनी ओढल्या जात. मिडलटन येथील १८२९ चे इंजिन जतन केलेले आहे. आजचा सायकलस्वार सपाट भागात निश्चिंत चालतो व उतारापाशी येताच त्याला उतरून सायकल ढकलावी लागते. लोहमार्गाच्या आखणीतील एका संक्रमणकाळाचा पुरावा त्याला ग्रंथात शोधावा लागत नाही. त्याच्या पायांना तो आपोआप कळतो.

शहरांलगतच्या मार्गांचा इतिहास याहून थोडा निराळा आहे. ब्रिस्टल व बाथ यांमधील मिडलंड रेल्वेच्या मार्गावरील प्रवासी वाहतूक १९६६ साली थांबली. १९७७ साली ब्रिस्टलमध्ये ‘सायकलबॅग’ ही सायकलस्वारांची संघटना स्थापन झाली. तीच पुढे ‘सस्ट्रान्स’ या नावाने प्रसिद्धीस आली. १९७९ ते १९८६ या काळात टप्प्याटप्प्याने तेरा मैलांची वाट तयार झाली आणि तीत स्वयंसेवकांच्या श्रमाचा मोठा वाटा होता. डर्बीशरमध्ये सार्वजनिक मंडळाने जे केले ते येथे नागरिकांनी मागणी करून व हातात कुदळ घेऊन घडविले. १९९५ साली राष्ट्रीय सायकल-मार्गजाळ्यास लॉटरीच्या निधीतून ४ कोटी ३५ लक्ष पौंडांचे अनुदान मंजूर झाले, त्यामागे ब्रिस्टलचा अनुभव होता.

विहारमार्ग टिकला म्हणजे सर्व प्रश्न मिटले असे मात्र नव्हे. १८६३ साली वाय नदीच्या खोऱ्यातून मिडलंड रेल्वे गेली, तेव्हा मॉन्सल येथील निसर्गसौंदर्याचा तिने नाश केला म्हणून जॉन रस्किनने तीव्र खेद व्यक्त केला होता. १९६८ साली ती बंद झाली. ज्या उंच पुलाची कुरूपता रस्किनच्या डोळ्यांत सलली तो आज संरक्षित वास्तू म्हणून गणला जातो. मे २०११ मध्ये येथील बोगदे खुले झाल्यावर मॉन्सल विहारमार्ग अखंड झाला. परंतु याच पट्टीवर पुन्हा रूळ घालून डर्बी व मँचेस्टर यांचा जुना संबंध जोडावा, अशीही मागणी वारंवार होत आली आहे. एका पिढीने जपलेली जागा दुसरी पिढी निराळ्या हेतूने मागते, आणि कोणत्याही पक्षाची बाजू क्षुद्र म्हणता येत नाही.

अमेरिकेने या पेचाचे उत्तर कायद्याने शोधले. १९८३ च्या दुरुस्तीनुसार बंद मार्ग भावी रेल्वेसाठी राखून ठेवलेला मानून मध्यंतरी तेथे विहारमार्ग करता येतो. तेथे जमिनीवर रेल्वेचा पुष्कळदा केवळ वहिवाटीचा हक्क असे. त्यामुळे मूळ जमीनमालकांनी या तरतुदीस आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली तरतूद वैध ठरविली. परंतु नुकसानभरपाई मागण्याची मालकांची वाटही मोकळी ठेवली. इंग्लंडमध्ये अशी सर्वव्यापी तरतूद झाली नाही. याचा परिणाम २०२१ सालीही दिसून आला. कंब्रियातील ग्रेट मस्ग्रेव्ह येथे जुन्या मार्गावरील दगडी पुलाची कमान दुरुस्तीचे कारण देऊन काँक्रीटने बुजविण्यात आली. स्थानिक नियोजन अधिकाऱ्यांनी २०२२ साली या कामास पश्चात् परवानगी नाकारली आणि २०२३ साली भर काढावी लागली. एक कमान बुजली तरी मैलोगणती वाट निरर्थक होते, हे या प्रकरणाने लोकांच्या निदर्शनास आणले.

या सर्व विवेचनावरून एक निष्कर्ष निघतो. परित्यक्त लोहमार्गाचे मूल्य त्याच्या क्षेत्रफळात नसून अखंडतेत असते. म्हणूनच तुकड्यांच्या विक्रीतून येणारी रक्कम हे त्याचे मूल्य नव्हे. ही अखंडता निसर्गाने दिलेली नाही. कायद्याच्या बळावर, मजुरांच्या श्रमाने व शेतकऱ्यांच्या जमिनीतून ती एकदाच निर्माण झाली, आणि एकदा मोडल्यावर ती पुन्हा उभारणे प्रायः अशक्य असते. कॅलथ्रॉपच्या दोन मार्गांपैकी बार्शीचा मार्ग एकविसाव्या शतकाच्या आरंभी टप्प्याटप्प्याने रुंदमापी झाला, तर मॅनिफोल्डचा मार्ग वाट होऊन राहिला. दोहोंची गती भिन्न झाली. परंतु जमिनीची पट्टी सलग लोकांच्या ताब्यात राहिली, हे दोहोंच्या टिकण्यामागील कारण एकच आहे. महाराष्ट्रातील अरुंदमापी मार्गांचा इतिहास लिहिताना रुळांबरोबरच या पट्टीचीही नोंद होणे अवश्य आहे.