जुलाबाचं मीठ झाडांपर्यंत कसं आलं



आमच्या उत्रोलीच्या घरामागे सासूबाईंनी लावलेलं कागदी लिंबाचं झाड आहे. दोन वर्षांपूर्वी त्याची पानं पिवळी पडायला लागली. रोपवाटिकेतल्या माणसाने एक पुडा हातात ठेवला. नाव वाचलं तर बोनमील, म्हणजे हाडांचा चुरा. पुडा तसाच परत केला. मग कुणीतरी मोबाइलवर सल्ला पाठवला, "एप्सम सॉल्ट घाला, झाड हिरवंगार होईल." म्हटलं हे बरं, खनिज आहे, हाडामासाचा संबंध नाही. (पृथ्वीकायाचा सूक्ष्म विचार मी महाराजसाहेबांवर सोडते.)

पुडा घरी आणून फोडला आणि माहेर आठवलं. आजीच्या फडताळात हेच पांढरे खडे असायचे. पोट साफ होत नसलं की कोमट पाण्यातून चमचाभर, सकाळी अनशापोटी. कडूजहर! त्या दिवशी शाळा बुडायची. जुलाबाचं मीठ झाडाला कशाला, हा प्रश्न तेव्हाच डोक्यात शिरला आणि मी वाचत सुटले.

एप्सम हे इंग्लंडमधलं लंडनजवळचं गाव. १६१८ च्या उन्हाळ्यात तिथल्या एका गुराख्याला डबकं सापडलं, पण तहानलेली गुरंही ते पाणी पिईनात, अशी गोष्ट सांगतात. पाणी कडू होतं. पुढे त्या पाण्याने पोट साफ होतं हे कळलं आणि लंडनचे बडे लोक तिथे पाणी प्यायला जाऊ लागले. नेहेमाया ग्रू नावाच्या डॉक्टरने ते पाणी आटवून मीठ वेगळं काढलं, १६९५ मध्ये त्यावर लॅटिन पुस्तिका लिहिली आणि १६९८ मध्ये राजाकडून ते बनवण्याचा एकाधिकारही मिळवला. पण मोल्ट नावाचे दोन भाऊ तेच मीठ स्वस्तात करून विकायला लागले होतेच. मी कॉमर्सची असल्यामुळे या भांडणात जरा जास्तच रमले.

खरी गंमत पुढे आहे. हाच ग्रू वनस्पतिशास्त्राचाही मोठा माणूस होता. मूळ, खोड, पान कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं आणि त्यांची चित्रं काढायची, हे त्याचं काम. 'वनस्पतींची शरीररचना' हा त्याचा ग्रंथ १६८२ चा. म्हणजे एका हातात पान आणि दुसऱ्या हातात मीठ, पण दोघांचं नातं त्याला उमगलं नाही. उमगणार तरी कसं? मॅग्नेशिया हा चुन्याहून वेगळा पदार्थ आहे, हेच जोसेफ ब्लॅकने १७५५ च्या सुमारास दाखवलं.

हे मीठ काही एकट्या एप्समची मिरास नाही. मिठागरात खायचं मीठ खाली बसल्यावर जे कडू पाणी उरतं, त्यात मॅग्नेशियमचेच क्षार असतात. शंखेश्वरच्या यात्रेला विरमगाम-पाटडीवरून गेला असाल तर त्या भागातलं खाराघोडा आठवा. पहिल्या महायुद्धात जर्मनीचा माल थांबला, तेव्हा तिथल्या रणातल्या अशाच कडू पाण्यातून मॅग्नेशियम क्लोराइड काढायला सुरुवात झाली. हे आपल्या मिठाचं भावंड. मुंबईच्या कापडगिरण्यांना सुताच्या खळीसाठी ते लागायचं.

झाडांशी गाठ पडली ती जर्मनीत. १८६० च्या आसपास सॅक्स आणि क्नॉप या शास्त्रज्ञांनी मातीशिवाय, नुसत्या पाण्यात झाडं वाढवून पाहिली. एकेक क्षार घालायचा, एकेक वगळायचा, झाडाचं काय होतं ते बघायचं. क्नॉपच्या पाण्यात मोजकेच क्षार होते आणि त्यांत आजीच्या फडताळातलं हे मीठही होतं. त्यावाचून झाड नीट वाढेना. का, ते विलस्टेटरने उलगडलं. पानाच्या हिरव्या रंगद्रव्याच्या घडणीतच मॅग्नेशियम असतं. या कामासाठी त्याला १९१५ चं नोबेल मिळालं. आपल्या रिपोर्टातल्या हिमोग्लोबिनमध्ये लोह असतं ना, तसंच.

एवढं वाचल्यावर माझा हात सैल सुटला. दर आठवड्याला लिंबाच्या बुंध्याशी मूठमूठ मीठ. तीन महिन्यांनी पानं पिवळी ती पिवळीच, वर कडाही करपायला लागल्या. सासूबाई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्यांचं झाड माझ्या हातून जाणार, या विचाराने झोप लागेना.

पुतण्या पुण्याच्या शेती कॉलेजात शिकलेला. तो आला आणि त्याने पहिलंच विचारलं, "काकू, पिवळी पानं वरची की खालची?" मी कधी पाहिलंच नव्हतं. मॅग्नेशियम कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं काढून नव्या पालवीला देतं. म्हणून आधी खालची पानं पिवळी होतात आणि शिरा हिरव्या राहतात. आमच्या लिंबाची कोवळी, शेंड्याची पानं पिवळी होती. ती लोहाची खूण. घराच्या दुरुस्तीत निघालेला चुना-सिमेंटचा राडारोडा गवंड्याने तिथेच पसरला होता. अशा चुनखडीच्या मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही.

"आणि मॅग्नेशियम इथे कमी कसं असेल?" तो म्हणाला. "आपला सह्याद्री काळ्या बेसॉल्टचा. त्या दगडातच ते भरपूर असतं." हलक्या, पावसाने धुपलेल्या जमिनीत किंवा पालाश फार घातलं तर कमी पडू शकतं. विदर्भात कपाशीवर लाल्या येतो, त्याच्या कारणांत मॅग्नेशियमची कमतरताही असते आणि तिथे याच मिठाची फवारणी सांगतात. टोमॅटोच्या बुडाला काळा डाग पडतो, त्यावरही लोक हे घालतात. तो डाग कॅल्शियम कमी पडल्याचा, मॅग्नेशियमने तो वाढतोच. मी सरकारी मृदा आरोग्य पत्रिका पाहिली. तिच्या १२ तपासण्यांत गंधक आहे, मॅग्नेशियम नाही! ते वेगळं सांगून तपासून घ्यावं लागतं. हिशेबही सांगून ठेवते. किलोभर एप्सममध्ये निव्वळ मॅग्नेशियम १०० ग्रॅमही नसतं.

राडारोडा उचलला, शेणखतात कालवून थोडं हिराकस घातलं, वरून दोन-तीनदा भरपूर पाणी सोडून जादा मीठ धुऊन काढलं. संवत्सरीला घरच्यांबरोबर लिंबाला पण मिच्छामि दुक्कडं म्हटलं, मुलं हसली. एक फांदी वाळलीच, ती कापली. बाकीच्यांना या पावसाळ्यात पालवी आली, बऱ्यापैकी हिरवी.

गच्चीवरच्या गुलाबाला मात्र हे मीठ लागू पडलं. कुंडीत नुसता कोकोपीट, रोज पाणी, सगळं वाहून जातं, आणि पिवळी पडली होती तीही खालचीच पानं. लिटरभर पाण्यात लहान चमचाभर, महिन्यातून एकदा पानांवर फवारते, तेही ऊन उतरल्यावर.

उरलेला पुडा स्वयंपाकघरातून हलवला आहे. सूनबाई परवा आयंबिलाच्या मुगात सैंधव म्हणून तेच घालायला निघाली होती. आता बरणीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'झाडांचं मीठ'.