सुरुंगावरचा पोल्का

भाच्याने आपल्या कानातला इअरफोन काढून माझ्या कानात कोंबला. "मामा, ऐका. कोर्पिक्लानी. फिनलंडचे आहेत."

पहिल्या क्षणी वाटले, कोणीतरी भांड्यांचे कपाट जिन्यावरून ढकलून दिले. मग त्या गडगडाटातून एक फिडल आणि एक अकॉर्डियन चक्क नाचत बाहेर आले आणि पाय हलू लागला. माझा. संधिवाताचा.

"फोक मेटल म्हणतात याला. परंपरा आणि मेटल!"

परंपरा म्हटले की मला खोदकाम करायची खोड आहे. १९९७ साली हेलसिंकीत निघालेल्या फिनट्रोल या मंडळींनी मेटलमध्ये हुम्प्पा कालवला. हुम्प्पा म्हणजे उम्-पा, उम्-पा असा दुडका ठेका. मला वाटले, शब्द निदान हजार वर्षांचा असेल. पण तो १९५०च्या दशकात आंतेरो आल्पोला या रेडिओवाल्या गृहस्थांनी कार्यक्रमासाठी काढला, तोही जर्मन बँडातल्या ट्यूबाच्या आवाजावरून, जुन्या फॉक्सट्रॉटची गंमत म्हणून! म्हणजे ही परंपरा वयाने साधारण माझ्याच बरोबरीची.

पोल्का मात्र खरोखर जुना. (आमच्या पिढीला पोल्का म्हटले की आधी आजीचे पोलके आठवते, ते सोडा.) तोही घरचा नव्हे, एकोणिसाव्या शतकात बोहेमियाकडून आलेला पाहुणा. पण घरचा झाला तो असा झाला, की एकदा त्याला चक्क युद्धावर धाडले.

१९४१च्या ऑगस्टअखेर फिनिश सैन्याने कारेलियातले वीपुरी शहर परत घेतले. जाताना रशियनांनी तिथे सुरुंग पेरून ठेवले होते. लांबून रेडिओवर तीन सुरांचा संकेत आला की उडणारे. आता करायचे काय? फिनिश लोकांनी रेडिओची गाडी आणली आणि त्याच लहरीवर विल्यो वेस्टेरिनेनने अकॉर्डियनवर वाजवलेला सॅक्कियार्वीचा पोल्का लावून दिला. रात्रंदिवस! संकेताचे सूर त्या गोंधळात बुडाले. सुरुंगांच्या बॅटऱ्या संपेपर्यंत, १९४२च्या फेब्रुवारीपर्यंत, हा उद्योग चालला. दीड हजारांहून अधिक वेळा तो वाजला म्हणतात. आणि गंमत बघा, त्याच युद्धकाळात सरकारने सार्वजनिक नाचाला बंदी घातली होती. माणसे कोठारांत चोरून नाचत, आणि इकडे पोल्का वाजतोय सुरुंगांपुढे. एकही सुरुंग ठेका धरत नाही!

१९४४ला वीपुरी पुन्हा गेले. सॅक्कियार्वी गावही गेले. चार लाखांवर कारेलियन माणसे घर सोडून पश्चिमेला आली. कोणी गाय आणली, कोणी घड्याळ. पोल्का आणायला सामानात जागा लागत नाही. वीपुरीकडच्या बऱ्याच जणांनी लाह्ती शहरात बिऱ्हाड मांडले.

"कुठे म्हणालात?" भाच्याने विचारले.

"लाह्ती."

"मामा, कोर्पिक्लानी लाह्तीचेच आहेत."

आता गप्प बसायची पाळी माझी. भाच्याने फोनवर वेस्टेरिनेनची ती जुनी तबकडी शोधून काढली. एक इअरफोन त्याच्या कानात, एक माझ्या. तिसऱ्यांदा लावली तेव्हा बहीण स्वयंपाकघरातून ओरडली, "दादा, पाय आवर! खालचे वर येतील आता!"

चौथ्यांदा आम्ही चपला काढून ऐकली.